तारेबाहेरून मारलेली हाक

धाकटी हुशार आहे, हे त्या घरात दिवसातून इतक्यांदा म्हटलं जायचं की एकदाचं ते भिंतीवर रंगवून घ्यावं आणि सगळ्यांनी गप्प बसावं, असं थोरलीला वाटायचं. मिक्सर बंद पडला, धाकटीने सुरू केला: हुशार. सासूच्या कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं, धाकटीने त्यातली वाटाण्याएवढी बॅटरी बदलली: फारच हुशार. थोरली इतकी वर्षं त्या घरात राबत होती, पण तिला कुणी कधी हुशार म्हटलं नव्हतं. तिला 'भक्कम' म्हणायचे. कपाटालाही भक्कमच म्हणतात.

धाकटी या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. लग्नाच्या आधीपासून ती बॅटरीच्या दुकानात कामाला होती आणि लग्नानंतरही तिने ते सोडलं नाही. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या कपड्यांना तापलेल्या कथलाचा वास यायचा. थोरली नाक मुरडायची. सासू मात्र तो वास घेऊन म्हणायची, "दमलीस ना गं?" शेळ्यांचा वास अंगावर घेऊन थोरली रोज घरात यायची. त्या वासाला कुणी दमणूक समजलं नाही.

तरीही एक गोष्ट थोरलीकडे होती आणि धाकटीला बापजन्मी जमणार नव्हती. ती म्हणजे हाक.

घरामागे गोठा होता आणि गोठ्यामागे गवताचा उतार. सकाळी दूध काढून झालं की थोरली शेळ्या उतारावर सोडायची. त्या पार खालच्या ओढ्यापर्यंत पांगायच्या. दिवस कलला की ती मागच्या दारात उभी राहायची, ओले हात पुसायची, तोंडाशी ओंजळ धरायची आणि एकच हाक द्यायची, "लीऽऽ लीऽऽ लीऽऽ हो!" गवतातून माना वर व्हायच्या. एक शिंग मोडलेली, सगळ्यांवर दादागिरी करणारी पुढारीण आधी निघायची आणि तिच्यामागे बाकीच्या, तोंडातला घास तसाच ठेवून. घरी पाहुणे आले की सासू त्यांना मागच्या दारात न्यायची. "थांबा, आमच्या थोरलीची गंमत बघा." थोरली नाही-नाही म्हणत आढेवेढे घ्यायची, आणि मनातून आणखी एकदा आग्रह व्हायची वाट बघायची.

सगळं बिघडलं ते तिच्या दाढेमुळे. ती दाढ काढायला गेली त्या दुपारी शेळ्यांकडे बघायचं काम धाकट्या दिराकडे, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याकडे होतं. तो शाळेत कारकून, सुट्टीच्या दिवशी झोप काढणारा. शेळ्या उतार उतरून शेजारच्या नर्सरीत शिरल्या आणि गुलाबाची कलमं फस्त करून आल्या. थोरली गालाला हात लावून घरी पोचली तेव्हा नर्सरीवाला ओट्याजवळ उभा होता. त्याच्या हातात एक कुंडी होती आणि कुंडीत नुसती काडी.

"मी भांडायला आलो नाही," तो म्हणाला. "पण एकतर शेळ्या आवरा, नाहीतर विका."

"विकूनच टाकू," थोरलीचा नवरा म्हणाला. तो ट्रक चालवायचा, आठवड्यातून दोनदा घरी असायचा, आणि त्या दोन दिवसांत घरातले सगळे प्रश्न सोडवून मोकळा व्हायचा. "कशाला रोजची कटकट?"

थोरलीच्या तोंडात कापसाचा बोळा होता. गाल सुजलेला. ती बोलायला गेली आणि नुसतं "हं हं हं" झालं. तिच्या शेळ्या तिच्यासमोर विकायला निघाले होते आणि तिला एक शब्द काढता येत नव्हता.

"विकायच्या कशाला?" धाकटी म्हणाली. "कुंपण करू ना. बॅटरीवरचं. तारेला नाक लागलं की झटका बसतो, परत जात नाहीत त्या बाजूला."

सासूचा चेहरा उजळला. नर्सरीवाला बरं म्हणाला. शेळ्या वाचल्या. आणि त्या धाकटीने वाचवल्या, हे थोरलीच्या दाढेपेक्षा जास्त ठणकलं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर धाकटीचं दुकान मांडलं गेलं. भंगारातल्या गाडीची कॉइल, हिरवी सर्किटची पट्टी, तारांचे तुकडे, छोटे स्क्रू. दुकानातून आणलेली गाडीची बॅटरी दाराशी. थोरलीने सगळ्यांची ताटं खाली जमिनीवर वाढली आणि ती आपटून वाढली. कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे माना वर करून त्या टेबलाकडे बघत होते.

"बॅटरीतून थोडीशीच वीज निघते," धाकटी सासूला समजावत होती. "ही कॉइल तिचा जोर वाढवते. पण सलग नाही सोडायची, आई. सेकंदाला एक टिचकी. टक्, मग थांबायचं. परत टक्. म्हणजे जनावर दचकतं, सुटून मागे होतं. त्याच्या जिवाला काही होत नाही. घरातली लाइन मात्र कधी तारेला जोडायची नाही. ती जीव घेते."

"बघ," सासू थोरलीला म्हणाली, "कसं सोपं करून सांगते."

"हो, ऐकलं," थोरली म्हणाली.

हे सगळं यंत्र बसवायला धाकटीने एक डबा घेतला होता. पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, पाणी न शिरणारा. तो थोरलीच्या साखरेचा डबा होता. विचारून घेतला होता, नाही असं नाही. पण 'घेऊ का' असं तिने सासूला विचारलं होतं.

रविवारी उतारावर खांब रोवायचं काम निघालं. स्वयंपाकघरात एक फळी ठोकून द्या म्हणून थोरली नवऱ्याच्या मागे लागून थकली होती. त्याला कंबर दुखते, त्याला ट्रकची चिंता असते. तोच नवरा त्या दिवशी सकाळी उठून पहार खांद्यावर टाकून निघाला आणि दुपारपर्यंत खांबाला खांब ठोकत गेला. शीळ घालत. धाकटीने जुना पाण्याचा पाइप कापून तुकडे केले होते. प्रत्येक खांबावर तुकडा ठोकायचा आणि तार त्यातून न्यायची, म्हणजे लाकडातून वीज गळत नाही. तारा तीन: एक वीतभर उंचीवर, करडांसाठी, दुसरी शेळीच्या नाकाशी, तिसरी उडी मारणाऱ्यांसाठी. तारेला टेकणारं गवत मात्र थोरलीला कापायला सांगितलं. विळा चालवता चालवता तिने आपल्या नवऱ्याला म्हणताना ऐकलं, "डोकं आहे हं तुझं!" विळा जरा जोरात चालला आणि एक पाइपचा तुकडा गेला.

संध्याकाळी धाकटीने डब्याचे दोन चिमटे बॅटरीला जोडले. डबा टक्-टक् करू लागला. तिने गवताची लांब काडी तारेला टेकवली आणि बोटं हळूहळू काडीवरून तारेकडे सरकवली. काही नाही. आणखी सरकवली. काही नाही. शेवटी तिने तारच धरली.

"मेलेली आहे," ती हिरमुसून म्हणाली.

त्या संध्याकाळी थोरलीने भांडी घासताना गाणं म्हटलं. नवऱ्याने विचारलं, "आज काय विशेष?" ती म्हणाली, "काही नाही, दाढ बरी आहे."

तिचा आनंद सकाळपर्यंतच टिकला. धाकटीने उठल्या उठल्या गोठ्यामागे रोवलेली लोखंडी सळई उपटली. "माती कोरडी आहे," ती म्हणाली. "झटका शेळीच्या अंगातून जमिनीत जातो आणि या सळईतून डब्यात परत येतो. वाट कोरडी असेल तर येणार कुठून?" न्हाणीघराचं पाणी जिथे मुरतं, तिथे तिने सळई पुरती ठोकली. या वेळी गवताची काडी तारेला टेकते न टेकते तोच ती "आई गं!" म्हणून उडाली आणि हसायला लागली. मग सगळ्यांनी काडी धरून बघितली. सासूसुद्धा लहान मुलीसारखी किंचाळली. थोरलीच्या पुढे काडी आली तेव्हा ती म्हणाली, "मला कामं आहेत."

पण शेळ्यांना तार शिकवायची अजून बाकी होती. नुसतं कुंपण बघून शेळीला काय कळणार? धाकटीने चॉकलेटचे चांदीचे कागद तारेला ठिकठिकाणी मुडपून लावले आणि त्यांना साखरेचा पाक फासला. साखर अर्थातच थोरलीची, डब्यातून काढून पिशवीत भरून ठेवलेली.

"ताई, तुम्ही शेळ्या आत सोडा आणि त्यांच्यासोबतच थांबा," धाकटी म्हणाली. "त्या आपल्या आपण वास घेत तारेशी जातील, चाटतील, झटका खातील. आपण काही करायचं नाही. हाक तर अजिबात मारू नका."

थोरलीने हे ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला.

बघायला सगळे जमले होते. सासू खुर्ची घेऊन बसली होती, दोघे भाऊ होते, नर्सरीवालाही आला होता. शेळ्या आत सोडल्या. त्या गेल्या थेट दुसऱ्या टोकाला आणि गवत खात बसल्या. चांदीचे कागद वाऱ्यावर हलत राहिले. बराच वेळ गेला. नर्सरीवाल्याने जांभई दिली. "ह्या तर ढुंकूनही बघत नाहीत," तो म्हणाला. सासू म्हणाली, "जरा दम धरा, तिने सगळा विचार केलेला असतो."

हे मात्र थोरलीच्या डोक्यात गेलं. सगळा विचार केलेला असतो म्हणे! ती फाटकातून बाहेर आली, सगळ्यांसमोरून चालत तारेच्या या बाजूला मधोमध उभी राहिली. "तुमची साखर राहू दे," ती म्हणाली. "मी बोलावते." तोंडाशी ओंजळ गेली.

"ताई, नको!" धाकटी ओरडली. पण हाक सुटली होती. पाहुण्यांसमोर द्यायची तशी, छातीच्या तळापासून.

शेळ्या आल्या. पुढारीण पुढे, बाकीच्या मागे, कान हलवत, धावत, सरळ थोरलीकडे. सरळ तारेवर. टक्. पुढारीण नाकावर झटका खाऊन ओरडली आणि मागे कोसळली. तिच्या बाजूची छातीने तारेवर गेली. मागच्या दोघी पुढच्यांवर आदळल्या. एक क्षण नुसता कल्लोळ, आणि मग सगळा कळप उलटा फिरून उताराच्या टोकाला, एकमेकींना चिकटून थरथरत उभा.

"वा! चालतं की!" नर्सरीवाला म्हणाला. टाळ्या वाजल्या. धाकटी तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती थोरलीकडे बघत होती, आणि थोरलीने तिच्याकडे बघायचं टाळलं.

त्या संध्याकाळी थोरली मागच्या दारात उभी राहिली, तिने हात पुसले आणि हाक मारली. माना वर झाल्या. पुढारिणीने तिच्याकडे बघितलं आणि ती मागे सरकली. थोरलीने पुन्हा हाक मारली. सगळ्या जणी आणखी मागे गेल्या, पलीकडच्या तारेपर्यंत.

शेळ्यांचा हिशोब साधा होता. तिची हाक आली की नाकावर आग होते.

थोरलीने आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. ती गोठ्यात गेली, पेंडीची बादली घेतली, कडी वाजवत कुंपणात शिरली आणि शेळ्यांना चोरासारखी गोठ्यात घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. पाहुणे आले आणि सासू म्हणाली, "थोरली, गंमत दाखव ना," तेव्हा ती म्हणाली, "शेळ्यांना उगाच कशाला दमवायचं?" रात्री डोळा लागत नव्हता. हिने मुद्दाम केलं, असं तिला वाटायचं. माझी हाक हिच्या डोळ्यात खुपत होती. माझा डबा घेतला, साखर घेतली, नवऱ्याला खांब ठोकायला लावलं, आणि आता हाकसुद्धा घेतली. 'हाक मारू नका' हे शब्द मधूनच आठवायचे. मग ती कूस बदलायची.

सकाळी दूध काढताना गोठ्यामागून कधी कधी कसलासा चमत्कारिक आवाज यायचा, घरघरल्यासारखा. नर्सरीचा पंप बिघडलाय, असं समजून थोरलीने तिकडे लक्ष दिलं नाही. तिला स्वतःचं दुःख पुरेसं होतं.

मग धाकट्या दिराने फाटकाची कडी लावली नाही. टोपी उडून कुंपणात गेली म्हणून तो शिरला होता, टोपी घेऊन बाहेर आला आणि तसाच शाळेत गेला. सासूने गच्चीवरून बघितलं तर शेळ्या समोरच्या गल्लीत. नर्सरीसमोर टेम्पो उभा होता, नर्सरीची दोन्ही दारं सताड उघडी, आणि पायरीवर नव्या कलमांच्या रांगा. नर्सरीवाला हात पसरून उभा राहिला.

"घाबरू नका हो!" सासू गच्चीवरून ओरडली. "आमची थोरली आहे! थोरली, हाक मार!"

गल्लीतली माणसं दारात आली. टेम्पोवाला खाली उतरला. धाकटी दुकानात निघाली होती, तीही थांबली. सगळे थोरलीकडे बघत होते. तिला ठाऊक होतं काय होणार ते. तरी 'येत नाही' असं म्हणण्यापेक्षा तिला हाक मारणं सोपं वाटलं. कदाचित बाहेर, तारेपासून लांब, त्या विसरल्या असतील. तिने ओंजळ तोंडाशी नेली.

"लीऽऽ लीऽऽ—"

शेळ्या दचकल्या. पुढारीण जागच्या जागी गर्रकन वळली आणि थोरलीपासून लांब पळाली. लांब म्हणजे नर्सरीच्या उघड्या दारातून आत. तिच्यामागे सगळ्या. कुंड्या फुटल्याचा आवाज आला. टेम्पोवाला हसला. गच्चीवर सासूचं तोंड उघडंच राहिलं.

"ताईंचा घसा बसलाय सकाळपासून," धाकटी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आवाज ओळखला नाही त्यांनी." आणि ती पळत गोठ्यात गेली, पेंडीची बादली घेऊन आली, कडी वाजवत नर्सरीत शिरली. शेळ्या तिच्यामागे बाहेर आल्या, तोंडात गुलाबाची पानं घेऊन.

म्हणजे हिला बादलीचं माहीत होतं. म्हणजे ही रोज बघत होती, आणि कुणाला बोलली नव्हती. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. हुशारी हिच्याकडे, नवऱ्याची शाबासकी हिच्याकडे, आता चांगुलपणासुद्धा हिनेच घ्यायचा? माणसाने दुसऱ्यासाठी काही शिल्लक ठेवावं की नाही?

घरी सासूने कोमट पाण्यात मीठ घालून दिलं. "गुळण्या कर बरं. घसा फार जपावा लागतो." ठणठणीत घशाच्या थोरलीने मोरीशी उभं राहून गुळण्या केल्या. धाकटी पाठीमागे होती. तिला हसू आलं असतं तर थोरलीने तांब्याच फेकून मारला असता. पण ती हसली नाही.

पुढारिणीला करडू झालं होतं, काळं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. कुंपण झालं तेव्हा ते गोठ्यातच बांधलेलं होतं. आता ते बाहेर सोडण्याएवढं झालं आणि एका दुपारी आईसोबत उतारावर आलं. घरात सासू झोपली होती. धाकटीची सुट्टी होती. ती गोठ्याच्या दाराशी डब्याचं झाकण उघडून कसलातरी स्क्रू आवळत होती. थोरली कुंपणाबाहेर वाळत घातलेले कपडे काढत होती. शेळ्यांकडे पाठ होती.

ती हाक मारायची म्हणून मारली नाही. कपडे खांद्यावर टाकता टाकता जुनी सवय ओठांतून निसटली, अगदी हळू, स्वतःशीच. "ली ली ली हो."

शेळ्या सरकल्या मागे. पण करडाने कान टवकारले. त्याला काही माहीतच नव्हतं. कुंपणाआधी गोठ्यात बांधलेलं असताना रोज संध्याकाळी हाच आवाज त्याच्या कानावर पडायचा आणि मागोमाग आई यायची. ते बें करून उडालं आणि चारही पायांवर उड्या मारत तिच्याकडे निघालं.

थोरली बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणीतरी तिच्या हाकेला येत होतं. आणि मग तिला टक् ऐकू आलं. टक्. टक्.

खालची तार करडाच्या नाकासमोर होती.

कपडे गळून पडले. ओरडून उपयोग नव्हता. तिच्या ओरडण्याकडेच तर ते धावत होतं. ती तारेपाशी गुडघ्यांवर बसली आणि खालची तार मुठीत धरून वर उचलली. झटका कोपरापर्यंत गेला. दात एकमेकांवर आपटले. मूठ आपोआप उघडू पाहत होती. तिने दुसऱ्या हाताने ती दाबून धरली आणि तिथेही झटका बसला. टक्. असं होय. टक्. असं नाकावर. टक्. माझ्या हाकेला आल्या म्हणून. ती रडत होती आणि तार उचलून धरत होती. करडू तारेखालून सरळ तिच्या मांडीवर आलं. त्याचा एक केसही तारेला लागला नाही.

"ताई! सोडा! सोडा ती तार!" धाकटी पळत येत होती.

"आधी ते बंद कर!"

"केलंय! केव्हाच बंद केलंय!"

थोरलीने बघितलं. धाकटीच्या हातात डब्याचा चिमटा होता, बॅटरीपासून तोडून आणलेला. टक्-टक् थांबलं होतं. तिचे हात तेवढे अजून उडत होते.

धाकटी धापा टाकत तिच्याशेजारी गवतात बसली. थोरलीचा हात हातात घेऊन बोटं चोळू लागली. थोरलीने काढून घेतला नाही, कारण काढून घेण्याएवढा त्यात जोरच नव्हता.

"मी सांगितलं होतं, ताई," धाकटी हळूच म्हणाली. "हाक मारू नका म्हणून."

"ऐकू आलं होतं मला," थोरली म्हणाली.

करडू थोरलीच्या बाहीचं बटण चोखत होतं. धाकटीने त्याच्या कपाळावरच्या ठिपक्याला बोट लावायला हात पुढे केला. थोरलीने करडू उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"ह्याला तू हाक मारायची नाहीस," ती म्हणाली. "हे माझं आहे. कुंपण तुझं, डबा घे, साखर घे. हे माझं."

"मला येतच नाही हाक," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "रोज सकाळी गोठ्यामागे जाऊन करून बघते तुमच्यासारखी. लग्न झाल्यापासून बघतेय. तुम्ही नुसतं तोंड उघडलं की सगळ्या धावत यायच्या, घरातलेसुद्धा कामं टाकून बघायला यायचे. माझ्याकडे एक शेळी मान वर करून बघत नाही."

थोरलीने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

"करून दाखव," ती म्हणाली.

धाकटीने इकडेतिकडे बघितलं, तोंडाशी ओंजळ धरली आणि हाक मारली. बॅटरी उतरलेली स्कूटर सुरू करताना येतो तसा आवाज आला. कुंपणातल्या शेळ्या चरत राहिल्या. करडाने बटण सोडलं नाही, कानसुद्धा हलवला नाही.

थोरलीने त्याला पोटाशी घट्ट धरलं आणि गवतात जरा आरामात सरकून बसली.

"अजून एकदा," ती म्हणाली.